नमुने द्यायला गावाला तयार करू की नको?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आशा म्हणून काम करते. दोन वर्षांमागे एका संस्थेची चमू गावात आली होती. माणसांचं रक्त, गाई-म्हशींचं रक्त आणि दूध, वावरातली माती असं सगळं घेऊन गेली. घरोघरी त्यांना मीच फिरवलं. त्यानंतर ना कोणी आलं, ना कोणाचा रिपोर्ट आला. बाया अजून विचारतात, "ताई, आमच्या रक्ताचं काय झालं?" आता दुसरी चमू येणार आहे. माणूस, जनावर आणि पीक या तिन्हींचा एकत्र अभ्यास करायचा आहे म्हणतात. या वेळी गोठ्यातली ढेप (पेंड) आणि पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारलेल्या औषधांची माहितीही पाहिजे आहे. लोकांना तयार करायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात आलं. लोक नाही म्हणतात. दुधात काही निघालं तर डेअरीवाला दूध घेणार नाही, गाईत निघालं तर ती विकता येणार नाही, अशी त्यांना भीती वाटते. मला त्यांचं चुकीचं वाटत नाही, पण वरून फोन येतात.

दुसरं माझ्या घरचं. दिवाळीच्या सुमारास आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली. जार सासऱ्यांनी हातानंच काढला. महिनाभरानं त्यांना ताप सुरू झाला. येतो, जातो. रात्री घामानं अंथरूण ओलं होते, सकाळी कंबर धरून उठतात. टायफॉइड म्हणून दोनदा सलाईन लावून झाली. चमू येतच आहे तर त्यातच त्यांचंही रक्त तपासून होईल, असं घरचे म्हणतात. थांबू का? आणि गावाला काय सांगू?

— एक आशाताई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याला वेळ नाही.

सासऱ्यांना चमूची वाट पाहत ठेवू नका. याच आठवड्यात यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा की गाय सातव्या महिन्यात गाभडली, जार यांनी उघड्या हातानं काढला आणि त्यानंतर महिनाभरात ताप सुरू झाला. कागदावर लिहूनच न्या, कारण ओपीडीच्या गर्दीत गाईची गोष्ट सांगायला माणूस संकोचतो आणि नेमकी तीच राहून जाते. "ब्रुसेलोसिसची तपासणी करता येईल का?" असं सरळ विचारा. ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे जनावरांपासून माणसाला होणारा हा आजार आहे.

इथे बसून मी निदान करत नाही. असा ताप टीबीचाही असू शकतो, आणखीही कशाचा असू शकतो. पण मी आयुष्यभर जनावरांचा डॉक्टर म्हणून काम केलं आहे. उशिराच्या महिन्यांत गाभडलेली गाय, उघड्या हातानं काढलेला जार आणि नंतर चढ-उताराचा ताप, घाम, कंबरदुखी हे सगळं एका घरात दिसलं की ब्रुसेला तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हा जंतू गाभडलेल्या गर्भात, जारात आणि गर्भाभोवतीच्या पाण्यात प्रचंड असतो. हातावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यांतून, नाका-तोंडातून तो माणसात शिरतो. न उकळलेल्या दुधातूनही येतो. याचा ताप मलेरिया-टायफॉइडसारखाच दिसतो, म्हणून त्याच औषधांवर महिने निघून जातात. तो पाठीच्या मणक्यात बसला तर चित्र टीबीसारखं दिसतं. निदान पक्कं झालं तर साधारणपणे दोन औषधं एकत्र, किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या की आजार उलटतो. हे सासऱ्यांना तुम्हीच समजावू शकाल. टीबीच्या गोळ्या पुऱ्या करून घ्यायचं काम तुम्ही गावात करताच.

घरात आणखी कोणी त्या दिवशी गाईजवळ होतं का? कोणी गरोदर आहे का? लेकरं धारोष्ण दूध पितात का? हेही डॉक्टरांना सांगा. दूध आजपासून चांगलं उकळूनच वापरा, उकळलं की हा जंतू मरतो. गाईसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा आणि तिचं रक्त तपासून घ्या. तोवर तिला इतरांपासून वेगळं बांधा, आणि बाजारात तर अजिबात नेऊ नका. पुढे गावात कुठेही गाय गाभडली तर हातात मोजे घालून गर्भ आणि जार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा, कुत्र्यांनी उकरू नये इतका खोल. गावातल्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारी (म्हशींची मादी पिल्लं) यांना ब्रुसेलाची लस मिळते. सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती फुकट आहे. जन्मात एकदाच द्यायची असते. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत.

आता चमूच्या भरवशावर का राहायचं नाही, तेही सांगतो, कारण गावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. अभ्यासासाठी घेतलेलं रक्त तुमच्या सासऱ्यांच्या उपचारासाठी घेतलेलं नसतं. नळीवर नावाऐवजी नंबर पडतो. नळ्या गोठवून ठेवतात, पुरेशा जमल्या की एकदम तपासतात. त्याला महिने लागतात. शिवाय अशा अभ्यासात बहुतेक वेळा जंतू शोधत नाहीत, जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात. ब्रुसेला वाढवून बघणं प्रयोगशाळेतल्या माणसांसाठीच धोक्याचं असतं, त्याला खास सोय लागते. प्रतिद्रव्यं सापडली म्हणजे माणूस आज आजारी आहे असं होत नाही. ज्यानं जन्मभर गाई सांभाळल्या त्याच्या रक्तात ती जुन्या संपर्काचीही असू शकतात. कालवडीला लस दिली असेल तर तिच्याही रक्तात ती दिसतात, आणि लशीची कोणती आणि आजाराची कोणती हे साध्या तपासणीत वेगळं करता येत नाही. म्हणून कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावरून लसीकरणाची नोंद काढावी लागते, आणि ती नोंद माणसांच्या दवाखान्यात नसते. अशा अभ्यासाची अडचण इथूनच सुरू होते. सासऱ्यांचा केसपेपर आरोग्य खात्यात, गाईची नोंद पशुसंवर्धन खात्यात, वावरातल्या फवारणीची माहिती असलीच तर कृषी केंद्राच्या बिलात. तिन्ही कागद एकाच घरचे असून कधी एका टेबलावर येत नाहीत.

रिपोर्टला उशीर का होतो हे एवढ्यानं समजतं. पण दोन वर्षं कोणी तोंडही दाखवलं नाही, हे यानं समजत नाही आणि माफही होत नाही. "सगळे नमुने तपासले, गावात हे आढळलं, हे आढळलं नाही, याचा अर्थ असा" एवढं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन सांगायला यंत्र लागत नाही. तुमच्या गावाचा राग रास्त आहे, ताई. आणि त्या रागाचं ओझं तुम्ही एकटीनं वाहता आहात याचं मला फार वाईट वाटतं. नमुने नेणारे निघून जातात, गावात उत्तर देत आशाताई उरते.

म्हणून लोकांना तयार करायचं काम अंगावर घेऊ नका. चमूला गावासमोर उभं करायचं काम घ्या. पण दार लावूनही घेऊ नका. अशा एकत्र अभ्यासाची गरज आपल्या विदर्भाला फार आहे. यवतमाळ जिल्ह्याला तर सगळ्यांत जास्त.

२०१७ चा पावसाळा तुमच्या गावानं पाहिला असेल. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यामागे गुलाबी बोंडअळीही होती. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटी कपाशीला ती दाद देईनाशी झाली होती. त्यात रसशोषक किडी होत्या. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली जात होती. बोंडअळी का माजली हे कीटकशास्त्रज्ञाचं काम, तोंडावर उडालेलं विष हे डॉक्टरचं काम. भरती झालेल्या माणसाच्या अंगात नेमकं काय गेलं हे कळायला पंपात काय होतं ते माहीत लागतं, आणि मिश्रणाची नोंद कोणाकडेच नसते. विषाचे काही प्रकार असे आहेत की त्यांच्यावर ॲट्रोपिन हे औषध चालतं, काहींवर उताराच नाही. रक्तातल्या ज्या एन्झाइमवरून ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची बाधा ओळखतात त्याचा नमुनाही वेळेत घ्यावा लागतो. हंगाम संपल्यावर आलेल्या अभ्यासकाला फक्त आठवणी मिळतात.

शेगाव तालुक्याचं उदाहरण ताजं आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या काही गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर, शाम्पूवर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. त्वचेच्या तक्रारीचं मूळ धान्यात शोधायचं, तर त्वचेचा डॉक्टर, माती-धान्य तपासणारा आणि रेशनचा गहू कुठून आला हे सांगणारा, तिघंही लागतात. एकटा कोणीही यात पुरा पडत नाही. त्या गावांतल्या मुलींची सोयरीक मोडायची वेळ आली अशा बातम्या तेव्हा येत होत्या. तुमचे लोक बदनामीला भितात, ती भीती मनाचा खेळ नाही.

चमू ढेप का मागते, हे मात्र लोकांना जरूर समजावून सांगा. सरकीची ढेप, शेंगदाण्याची ढेप, मका ओलसर जागी राहिली की एक बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते गाईच्या पोटात गेलं की बदललेल्या रूपात दुधात उतरतं. दूध उकळून ब्रुसेला मरतो, हे विष मात्र जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यात ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. म्हणजे हा तुमच्या गावापुरता डाग नाही. त्याचा उपायही दूध फेकून देण्यात नाही, ढेपेचं पोतं जमिनीवरून उचलून फळीवर ठेवण्यात आणि बुरशी आलेली ढेप न देण्यात आहे. दुधाचा दोष गोठ्यात, गोठ्याचा दोष साठवणुकीत. हे फक्त एकत्र बघणाऱ्यालाच दिसेल.

औषधांच्या माहितीचं आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या कामाशी थेट जुळतं. स्ट्रेप्टोमायसीन तुम्हाला टीबीमुळे माहीत आहे. ब्रुसेलावरही काही वेळा तेच देतात. जनावरांच्या इंजेक्शनांतही ते असतं. आणि संत्र्याच्या, कपाशीच्या जिवाणूजन्य रोगांवर फवारायच्या पुडीत वर्षानुवर्षं तेच होतं. केंद्र सरकारनं शेतीतला त्याचा वापर १ जानेवारी २०२४ पासून बंद केला, कारण अशा वापरानं जंतू औषधाला सरावतात. तुमच्या गावात ती पुडी अजून कोणाच्या कोठीत आहे का, हे डॉक्टर विचारणार नाही, कृषी सहाय्यकाला त्यातला टीबी दिसणार नाही.

नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मेडिकल आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणीही तिथेच ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. चांदीपुरा विषाणूला नाव नागपूरजवळच्या गावावरून मिळालं, १९६५ साली तो तिथल्या तापाच्या रुग्णांत सापडला. आपल्याकडे नमुने फार जुन्या काळापासून घेतले जात आहेत. आता निकालही परत येऊ लागले पाहिजेत, आणि ते मागायचा हक्क तुमच्या गावाला आहे.

तर चमूला सांगा, "मी घरोघरी फिरणार नाही, आधी तुम्ही गावासमोर बसा." कामाच्या दिवसांत दुपारी नको, लोक वावरातून आल्यावर संध्याकाळी. बायांची बैठक बचत गटात वेगळी घ्या, कारण गोठा झाडणाऱ्या, धार काढणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या त्याच असतात आणि गावाच्या बैठकीत त्या बोलत नाहीत. काय तपासणार, किती दिवसांत, निकाल कोण घेऊन येणार, त्याचं नाव आणि फोन काय, हे विचारा. ते मराठीत लिहून ग्रामपंचायतीत लावायला लावा. माणसांवरच्या संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. माणसाला त्याच्या भाषेत सगळं समजावून संमती घ्यायची आणि तो केव्हाही, कारण न सांगता माघार घेऊ शकतो, हे त्यांत स्पष्ट आहे. नकार दिला म्हणून त्याचा दवाखान्यातला इलाज किंवा कुठलीही योजना अडता कामा नये. संमतीच्या कागदावर नैतिकता समितीचा, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. तो आहे का बघा, आणि कागदाची प्रत लोकांच्या हातात राहू द्या. कोणाचं रक्त सदोष निघालं तर त्याला वेगळं बोलावून सांगणार का, पुढच्या इलाजासाठी कुठे पाठवणार, हेही आधी ठरू द्या. मागच्या संस्थेचं नाव ग्रामपंचायतीकडे असेल तर ग्रामसभेचं पत्र त्यांनाही जाऊ द्या की आमचे निकाल कुठे आहेत.

सगळ्यांत अवघड प्रश्न गाईचा आहे, आणि त्याचं उत्तर चमूकडून घेतल्याशिवाय जनावरांचे नमुने देऊ नयेत असं मी म्हणेन. काही देशांत ब्रुसेला निघालेली गाय मारून मालकाला भरपाई देतात. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, गाय मारता येत नाही. २०२२ मध्ये लम्पीनं मेलेल्या जनावरांसाठी राज्य सरकारनं दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत दिली. ब्रुसेलाची गाय सहसा मरत नाही, तिला अशी मदत नाही. गरीब कास्तकाराच्या दावणीला 'दोषी' ठरलेली गाय राहिली तर तो काय करेल? बैलबाजारात नेईल, आणि आजार दुसऱ्या गावी जाईल. तपासणीनंच आजार पसरवला असं व्हायला नको. तेव्हा विचारा की गाय पॉझिटिव्ह निघाली तर तिची दुसरी तपासणी कधी करणार, ती वेगळी कशी ठेवायची हे गोठ्यात येऊन कोण दाखवणार, गावातल्या कालवडींचं लसीकरण अभ्यासासोबतच होणार का, आणि मालकाचं नाव डेअरीपर्यंत जाणार नाही याची हमी कोण देणार. त्यांच्याकडे यावर उत्तर नसेल तर त्यांना परत जाऊन उत्तर आणायला सांगा. प्रामाणिक अभ्यासक याचा राग मानणार नाही, त्याचाच अभ्यास यानं पक्का होतो. घाबरलेला माणूस खोटी माहिती देतो. फवारणी किती केली विचारलं तर कमी सांगतो, गाय गाभडली का विचारलं तर नाही म्हणतो.

चमू आली वा न आली, एक वही मात्र तुमच्या घरी आजच सुरू करा आणि ज्या बाया तयार होतील त्यांच्याकडेही. गाय कधी फळली, गाभडली, कोणतं इंजेक्शन दिलं. वावरात कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, कशात काय मिसळलं, पंप कोणाच्या पाठीवर होता, बिल कुठे आहे. घरात कोणाला कधी ताप आला, उलटी झाली, डोळे चुरचुरले. तिन्ही एकाच वहीत, तारखेनं. मोकळे डबे हंगाम संपेस्तोवर फेकू नका, पण लेकरांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवा. पाणी प्यायला तर ते डबे कधीच वापरू नका. फवारून आलेल्या कोणाला गरगरलं, लाळ सुटली तर अंगावरचे कपडे काढून साबणानं धुऊन सरळ दवाखान्यात न्या, आणि डबा सोबत घ्या.

वरून येणाऱ्या फोनचं राहिलं. फोनवर वाद घालू नका. "गाव बैठकीला तयार आहे, चमूनं तारीख द्यावी, गावाचे प्रश्न लेखी पाठवते" असं सांगा आणि तेच सरपंचांच्या सहीनं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना द्या, पोच घ्या. तुमच्या फिरण्याचा मोबदला किती, हेही त्यात विचारा. तुम्हाला पगार नाही, मानधन आणि कामागणिक पैसे मिळतात. मागच्या वेळी तुम्ही घरोघरी फिरलात त्याचे मिळाले नसतील असा माझा अंदाज आहे.

सासऱ्यांचा रिपोर्ट आला की मला कळवा. ब्रुसेला निघाला तर गोळ्यांच्या सहा आठवड्यांत काय काय सांभाळायचं आणि बाकीची गुरं कशी तपासून घ्यायची, यावर वेगळं लिहीन.